बाळाच्या चेहऱ्यावरचा लाल डाग: तो किती गंभीर, हे टप्प्याटप्प्याने कसं ओळखायचं

बाळ घरी येऊन आठवडा होतो. आजी आंघोळीआधी गालावरची तीट पुसते आणि खाली लालसर ठिपका दिसतो. मग घरात बोलणी सुरू होतात. "ग्रहणात बाहेर निघाली असन, त्याचाच डाग आहे हा," असं एक जण म्हणतं. दुसरं म्हणतं, "काहून घाबरून राहिली? लेकराले असते असं, जाते आपोआप." बाळाचा बाप एकीकडे मोबाईलवर जगातले सगळ्यांत भयंकर फोटो बघत बसतो. आई मात्र गप्प असते, कारण ग्रहणाचा ठपका तिच्यावरच आलेला असतो.

नागपुरात नवजात बाळांच्या वॉर्डात मी 31 वर्षं परिचारिका होते, आणि हे दृश्य मी इतक्यांदा पाहिलंय की सुरुवातीलाच सांगते: ग्रहणाचा, आईच्या खाण्यापिण्याचा किंवा तिच्या हातून झालेल्या कुठल्याही गोष्टीचा या डागांशी संबंध नाही. त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या जास्त वाढतात किंवा घडतानाच रुंद राहतात, त्यातून हे डाग होतात. पोर्ट-वाईन स्टेन नावाच्या डागामागे बहुतेक वेळा गर्भातच एखाद्या पेशीत झालेला जनुकीय बदल असतो, हे 2013 साली सिद्ध झालं. तो बदल आईबापांकडून आलेला नसतो.

नवे आईबाप आणि नुकत्याच रुजू झालेल्या आशाताई यांच्यासाठी हे लिहितेय. निदान डॉक्टरच करतील. पण कोणत्या बाळाला आज न्यायचं, कोणाला या आठवड्यात आणि कोणाला नुसतं पाहत राहायचं, हे घरी कळायला हवं. माणसं डागाचा आकार नि रंग बघून घाबरतात, नाहीतर निश्चिंत होतात. मी आधी दोन गोष्टी बघते: डाग चेहऱ्यावर नेमका कुठे आहे, आणि बाळ किती दिवसांचं आहे. पापणीवरचा हरभऱ्याएवढा डाग पाठीवरच्या लिंबाएवढ्या डागापेक्षा जास्त घाईचा असू शकतो.

पहिली पायरी: तीट पुसा आणि उजेडात बघा

हे सांगायला हवं का, असं वाटेल. हवं. काजळाची तीट आपण लावतो ती कपाळावर, गालावर, कानामागे, आणि डाग तिच्याखाली लपून राहतो. काही घरांत तर डाग दिसू नये म्हणूनच तीट मोठी काढतात. ओल्या मऊ कापडाने चेहरा साफ करा आणि दिवसाच्या उजेडात, खिडकीशी बसून बघा. पिवळ्या बल्बखाली लाली कळत नाही.

बाळ शांत हवं, दूध पिऊन झालेलं. रडताना सगळेच डाग गडद होतात. आपल्याकडच्या मे महिन्यात कूलर बंद पडला तरी गाल तांबडेलाल होतात, तेव्हा उन्हाळ्यात सकाळीच बघा.

सावळ्या बाळांच्या बाबतीत डोळे जरा जास्त उघडे ठेवावे लागतात. पुस्तकातला लालभडक रंग त्यांच्यात दिसेलच असं नाही. तोच डाग मरून, जांभळट किंवा नुसता गडद तपकिरी दिसतो. हिमँजिओमा म्हणजे पुढे उंच होत जाणारा लाल डाग; त्याची सुरुवात पुष्कळदा पांढुरक्या पट्ट्याने होते, त्यात केसासारख्या बारीक लाल रेषा असतात. तो पट्टा म्हणजे नख लागल्याची खूण किंवा बाळंतपणात बसलेला चट्टा समजून सोडून दिला जातो.

दुसरी पायरी: डाग कोणत्या जातीचा, याचा अंदाज घ्या

यासाठी मुलांच्या कंपासपेटीतली पारदर्शक प्लास्टिकची फूटपट्टी घ्या, साबणाने धुऊन पुसा आणि डागावर हलकेच टेकवून दाबा. पट्टीतून आरपार बघा. रंग फिका पडला आणि पट्टी उचलताच परत भरला, तर ते रक्तवाहिन्यांमधलं रक्त आहे. दाबूनही रंग हलला नाही, तर तो रक्त साकळल्याचा डाग किंवा वेगळंच काही असू शकतं, आणि ते डॉक्टरांना दाखवायचं. डॉक्टर हीच तपासणी काचेच्या पट्टीने करतात. डोळ्यावर किंवा जखमेवर मात्र पट्टी लावू नका. पट्टी हातात आहेच, तर डागाची लांबी-रुंदीही लिहून ठेवा.

आता आईला विचारा: जन्मल्याबरोबर होता का? तेव्हापासून वाढला का? हाताला सपाट लागतो की उंच?

दोन भुवयांच्या मध्ये, पापण्यांवर किंवा मानेच्या मागे, जन्मतःच असलेला, फिका गुलाबी, कडा धूसर आणि रडलं की उठून दिसणारा डाग बहुधा सालमन पॅच असतो. तो खूप बाळांना असतो. चेहऱ्यावरचा वर्ष-दोन वर्षांत बहुतेक विरतो, मानेवरचा पुष्कळदा राहतो आणि केसांखाली झाकला जातो. याला काही करावं लागत नाही.

जन्मतः नव्हता किंवा जेमतेम ठिपका होता, पहिल्या दोन-चार आठवड्यांत दिसू लागला आणि आता स्ट्रॉबेरीसारखा उंच, लाल होत चाललाय, तर तो हिमँजिओमा. शंभरातल्या चार-पाच बाळांना होतो. मुलींना, कमी दिवसांच्या (म्हणजे वेळेआधी जन्मलेल्या) आणि कमी वजनाच्या बाळांना जास्त. काही हिमँजिओमा खोलवर असतात. वरची कातडी नेहमीसारखी आणि खाली निळसर मऊ गाठ, अशी ती बाळं उशिरा लक्षात येतात.

जन्मतःच पूर्ण दिसणारा, सपाट, गडद गुलाबी ते जांभळा, पुष्कळदा चेहऱ्याच्या एकाच बाजूला मधोमध रेघ ओढल्यासारखा थांबलेला, तो पोर्ट-वाईन स्टेन. हजारात साधारण तीन बाळांना असतो. तो आपोआप जात नाही. बाळ वाढतं तसा त्याच प्रमाणात वाढतो आणि मोठेपणी गडद, जाडसर होऊ शकतो.

याशिवाय निळसर, दाबली की बसणारी, रडताना किंवा डोकं खाली गेलं की फुगणारी गाठ शिरांची असते. हाताला गरम लागणारी, नाडीसारखी उडणारी गाठ धमनीची असू शकते. या दोन्ही कमी दिसतात, पण घरी बसून ओळखायच्या नाहीत. थेट तज्ज्ञांकडे न्या.

जात ओळखण्याचा एवढा आग्रह का? कारण "जाईल आपोआप" हे वाक्य सालमन पॅचला पूर्ण लागू पडतं, हिमँजिओमाला अर्धंच आणि पोर्ट-वाईन स्टेनला अजिबात नाही. आपल्याकडे मात्र ते तिघांनाही सरसकट ऐकवलं जातं.

तिसरी पायरी: चेहऱ्याचा नकाशा

इथे घाई करू नका. सगळ्यात जास्त काही कळतं ते याच पायरीवर.

डोळ्यापासून सुरुवात करा. पापणीवर किंवा डोळ्याच्या खोबणीशेजारी वाढणारा हिमँजिओमा पापणी खाली ओढतो किंवा बुबुळावर दाब देऊन चष्म्याचा तिरका नंबर आणतो. लहान बाळाच्या डोळ्याला नीट दिसलं नाही, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो आणि डोळा आळशी पडतो. पुढे गाठ विरली तरी नजर आपोआप परत येत नाही. माझ्या बहिणीच्या नातीचं हेच झालं. वरच्या पापणीवर डाळीच्या दाण्याएवढी लाल गाठ होती. त्यांनी दाखवलं तिथे "वर्षाचं झाल्यावर आणा" म्हणून परत पाठवलं. तीन महिन्यांची झाली तेव्हा पापणी अर्ध्यावर आली होती. मग उपचार झाले, गाठही गेली, पण पोरीला कित्येक वर्षं चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी लावावी लागली. मला तेव्हाच फोन केला असता, ही रुखरुख माझ्या मनातून जात नाही. डोळ्याजवळचा हिमँजिओमा कितीही लहान असो, त्याच आठवड्यात दाखवा.

कपाळ आणि वरची पापणी. इथे सपाट, जन्मजात जांभळा डाग असेल, तर प्रश्न कातडीपुरता राहत नाही. चेहऱ्याच्या या भागातली, डोळ्यातली आणि मेंदूच्या आवरणातली रक्तवाहिनी गर्भात एकाच सुमारास घडते, त्यामुळे काही बाळांत तिघांवरही परिणाम असतो. याला स्टर्ज-वेबर सिंड्रोम म्हणतात. सगळ्यांना होत नाही. डाग जितका पसरलेला आणि दोन्ही बाजूंना, तितकी शक्यता जास्त. अशा बाळाचे डोळे जन्मल्यानंतर लगेच नेत्रतज्ज्ञांनी तपासायला हवेत आणि पुढेही ठरलेल्या वेळाने तपासत राहायला हवेत, कारण काचबिंदू नंतरही होऊ शकतो. एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा वाटणं, सतत पाणी येणं, उजेडात डोळे घट्ट मिटणं, बुबुळ धुरकट दिसणं या त्याच्या खुणा. मोठे डोळे बघून घरचे कौतुक करतात, म्हणून दोन्ही डोळे एकमेकांशी ताडून बघा.

दाढीचा पट्टा: कानासमोरचा भाग, जबडा, हनुवटी, खालचा ओठ, गळ्याचा पुढचा भाग. पुरुषाला जिथे दाढी येते तिथे पसरलेला हिमँजिओमा असेल, तर तसाच एक श्वासनळीच्या आत असू शकतो. बाळाचा आवाज बसलाय का, श्वास घेताना शिट्टीसारखा किंवा घरघर आवाज येतो का, हे ऐका. आवाज नसला तरी बाळ महिन्याचं व्हायच्या आत दाखवा. आवाज असेल तर त्याच दिवशी.

ओठ, नाकाचा शेंडा आणि कान. ओठावरचा हिमँजिओमा लवकर चिघळतो, मग दूध ओढताना दुखतं आणि बाळ स्तन सोडून रडतं. लहान बाळाच्या लाल डागाचा मधला भाग राखाडी-पांढरा होऊ लागला, तर जखम होण्याच्या बेतात आहे असं समजा. नाकाच्या शेंड्यावरचा जिवाला धोका करत नाही, पण आतली कूर्चा ताणून नाकाची ठेवण बिघडवतो.

शेवटी मोठा, पसरट हिमँजिओमा. दहा रुपयाचं नाणं 27 मिलिमीटरचं असतं. दोन नाणी शेजारी ठेवली की पाच सेंटिमीटरच्या थोडं वर होतात. चेहऱ्यावर किंवा डोक्यावर त्याहून मोठा, पट्ट्यासारखा पसरलेला हिमँजिओमा असेल, तर मेंदूच्या रक्तवाहिन्या, हृदय आणि डोळे यांत जोडीचा दोष नाही ना, हे बघावं लागतं. डॉक्टर इको आणि एमआरआय लिहून देतील तेव्हा "कातडीच्या डागाला हृदयाची तपासणी कशाला" म्हणून टाळू नका. अंगभर पाच किंवा जास्त छोटे हिमँजिओमा असले, तर यकृतातही आहेत का ते बघायला पोटाची सोनोग्राफी होते.

चौथी पायरी: वेग मोजा

हिमँजिओमाचं घड्याळ फार वेगाने चालतं. सगळ्यात जोराची वाढ साधारण पाचव्या ते आठव्या आठवड्यात होते. तीन महिन्यांपर्यंत बहुतेकांचा सुमारे 80 टक्के आकार होऊन गेलेला असतो. पाच महिन्यांच्या आसपास बहुतेकांची वाढ थांबते, वर्षानंतर गाठ हळूहळू मावळू लागते आणि चार वर्षांपर्यंत बहुतेकांची मावळून झालेली असते. मागे कधी सैल कातडी, कधी बारीक लाल शिरा राहतात. औषधाचा खरा उपयोग वाढ व्हायच्या आधी, म्हणून धोक्याच्या जागेवरचा डाग बाळ महिन्याचं व्हायच्या आत तज्ज्ञांपुढे जायला हवा.

आशाताईंसाठी एक गोष्ट फार सोयीची आहे. आपल्या घरभेटी 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी ठरलेल्या आहेतच. वजन करताना चेहऱ्याचा एक फोटो घ्या. तीच खिडकी, तेच अंतर, फ्लॅश बंद आणि डागाशेजारी धरलेली तीच फूटपट्टी. (नाणं बाळाच्या तोंडाजवळ नेऊ नका, निसटतं.) 21 आणि 28व्या दिवसाचे फोटो शेजारी ठेवले की वाद उरत नाही. 42वा दिवस आणि दीड महिन्याची लस येते तेव्हा वाढ ऐन भरात असते, तोवर थांबणं म्हणजे उशीर. बाळ वेळेआधी जन्मलेलं असेल तर चौथ्या आठवड्याची वाटही बघू नका.

पोर्ट-वाईन स्टेनला असा वेग नसतो. तिथे एकदा नीट फोटो काढून ठेवा आणि सहा महिन्यांनी ताडून बघा.

पाचवी पायरी: आता लगेच निघायचं का?

श्वासाला आवाज किंवा छाती आत ओढली जाणं. झटका: एका बाजूचा हात-पाय उडणं, नजर एकीकडे खिळणं, विशेषतः कपाळावर जांभळा डाग असलेल्या बाळाला. झटके बहुतेकदा पहिल्या वर्षातच सुरू होतात, आणि ते ताप नसतानाही येतात. डोळा उघडत नसेल किंवा बुबुळ धुरकट दिसत असेल. डागातून रक्त येऊन दहा मिनिटं स्वच्छ कापडाने दाबूनही थांबत नसेल. गाठ एकाएकी टणक, जांभळी, ठेच लागल्यासारखी होऊन फुगली असेल. यातलं एकही असेल तर रात्र असली तरी कॅज्युअल्टीत जा.

डॉक्टर काय मोजतात

घरच्यांना वाटतं डॉक्टर नुसते बघतात नि लिहून देतात. खरं तर हिमँजिओमाची गंभीरता मोजायला गुणांचे तक्ते आहेत. 2012 साली आलेल्या एका तक्त्यात आकार, जागा, जोडीच्या दोषांची शक्यता, जखमेसारखी गुंतागुंत, दुखणं आणि रूप बिघडण्याची भीती, या सगळ्याला वेगवेगळे गुण देतात. आकार त्यातलं एकच खातं आहे, हे लक्षात घ्या. रूप बिघडण्यालाही गुण आहेत, म्हणून "मुलगी आहे, पुढे कसं होईल" ही आईची काळजी डॉक्टरांपुढे बोलायला लाजू नका. मुलगा असेल तरी बोला. तीन-चार वर्षांचं लेकरू आरशात बघून विचारायला लागतं.

उपचारही जातीप्रमाणे बदलतात. हिमँजिओमाला प्रोप्रॅनोलोल हे हृदयाचं जुनं औषध चालतं. फ्रान्समध्ये हृदयाच्या त्रासासाठी ते दिलेल्या बाळाचा हिमँजिओमाही ओसरला, आणि 2008 मध्ये हे जगापुढे आलं. औषध चांगलं आहे, पण शेजारच्या बाळाचं उरलेलं आपल्या बाळाला पाजायचं नाही. ते दूध पाजूनच द्यायचं, कारण उपाशी पोटी साखर खाली जाऊ शकते. बाळाला उलट्या-जुलाब झाले, दूध सोडलं किंवा छाती भरून घरघर लागली, तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना फोन करायचा. लहान वरवरच्या डागावर टिमोलोलचे थेंब लावले तरी पुरतात. पोर्ट-वाईन स्टेनला या दोन्ही औषधांचा उपयोग नाही. तिथे पल्स्ड डाय लेझर. त्याच्या अनेक खेपा होतात, डाग फिका होतो, पूर्ण जातोच असं नाही. लहानपणी सुरू केलेलं बरं. सावळ्या कातडीवर रंग बदलण्याचा धोका जास्त असल्याने अशा कातडीवर काम केलेला हात शोधा.

घरी काय करायचं नाही

डाग जावा म्हणून बेसनाच्या उटण्याने घासू नका. मी ओठाच्या कडेचा एक डाग असा बघितलाय की घासून घासून उघडा पडला होता आणि आई म्हणत होती, "मैल निघून राहिला." चुना, बिब्बा, राख, जळती काडी, तापवलेला विळा यातलं काहीही लेकराच्या चेहऱ्याजवळ नेऊ नका. काजळही नको. मालिश करणाऱ्या बाईला डाग दाखवून ठेवा आणि तिथे हात हलका ठेवायला सांगा. नखं कापा. कातडी कोरडी पडली तर साधी व्हॅसलीन लावा. एवढंच.

सहावी पायरी: कुठे जायचं, काय न्यायचं

नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे बालरोग आणि त्वचारोग विभाग आहेत. खाजगीत जायचं तर धंतोली-रामदासपेठेत तज्ज्ञ मिळतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, छिंदवाड्याहून येणाऱ्यांनी निघण्याआधी ओपीडीचा वार विचारून घ्यावा आणि सकाळी लवकर पोचावं. गावातून येताना राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला बाळ दाखवून चिठ्ठी घेतली, तर पुढच्या तपासण्यांना मदत होऊ शकते. आधी बालरोगतज्ज्ञांकडे गेलात तरी चालतं, पण डाग डोळ्याजवळ असेल तर नेत्रविभागाची चिठ्ठी त्याच दिवशी मागून घ्या. दुसऱ्या दिवसावर ढकललं की गावची गाडी सुटते आणि ते राहून जातं.

माता-बाल कार्ड, डिस्चार्ज पेपर, फोटो तारखेप्रमाणे लावून, बाळाचे दोन जास्तीचे कपडे. रांगेत तीन तास जातात आणि दारातून आत गेल्यावर तीन मिनिटं मिळतात. घाबरलेल्या आईला तेव्हा काही आठवत नाही. म्हणून आदल्या रात्री एका कागदावर लिहून ठेवा. मी आशाताईंना असा नमुना देत असे:

"मुलगी, वय 26 दिवस. 35 आठवड्यांची, जन्मवजन 2 किलो 100. उजव्या वरच्या पापणीवर लाल उंच डाग. जन्मतः नव्हता, 9व्या दिवशी दिसला. 14व्या दिवशी 4 मिलिमीटर, 21व्या दिवशी 7, आज 11. दाबल्यावर फिका पडतो. जखम नाही, रक्त नाही. श्वासाला आवाज नाही. दूध नीट पिते. उजवा डोळा डाव्यापेक्षा कमी उघडतो, चार दिवसांपासून. अंगावर दुसरा डाग नाही. विचारायचं आहे: नजरेला धोका आहे का, आणि औषध आजच सुरू करायचं का?"

हा कागद केसपेपरला टाचणीने लावून खिडकीतूनच आत पाठवा.